पंपाला पांघरूण

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा ऑरेल लेव्हेक हा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला तसं वाटण्याची बरीच शक्यता आहे. मला स्वतःला वर्षातून चार-पाच वेळा वाटतं.

ऑरेल एकाहत्तर वर्षांचा. त्यातली पंचावन्न वर्षं त्याने लाकूड तोडण्यात, फोडण्यात, रचण्यात आणि त्याबद्दल बोलण्यात घालवली. आमच्या सेंत-ओदीलमध्ये माणसाची पत त्याच्या घरामागच्या लाकडांच्या राशीवरून ठरते. मुलगी द्यायची तर बाप आधी रास बघून यायचा. ऑरेलची रास मेपलची, दोरी लावून आखल्यासारखी सरळ. आमच्या वडिलांनी ती पाहिली, दोन ओंडके एकमेकांवर वाजवून पाहिले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "पोरगा बोलतो फार, पण लाकूड कोरडं आहे." एवढ्यावर जिल्बेर्तचं लग्न ठरलं.

त्यांच्या स्वयंपाकघरातली लोखंडी शेगडी चव्वेचाळीस वर्षं ऑक्टोबर ते मे कधी विझली नाही. ऑरेल पहाटे उठून तिच्यात ओंडका टाकायचा आणि मग दिवसभर ते ऐकवायचा. जिल्बेर्त ऐकून घ्यायची. पण तीन वर्षांपूर्वी तिची छाती वाजायला लागली. जिना चढताना ती अर्ध्यावर थांबायची आणि खिडकीबाहेर बघायची, जणू तिथे काही बघण्यासारखं आहे. बाहेर नुसता बर्फ. फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या वसंतात स्पष्ट सांगितलं की घरात लाकडाचा धूर आता चालणार नाही. जमत नसेल तर हिवाळ्याचे सहा महिने बाईंना मंक्टनला मुलीकडे पाठवा.

मुलगी मिरेय चांगली आहे, जावईही चांगला. पण जिल्बेर्त मला म्हणाली, "कोलेत, तिथे मला भांडी घासू देत नाहीत गं. कोचावर बसवतात आणि दर तासाला विचारतात, आई बरं वाटतंय ना? असे सहा महिने काढले तर मी नक्की आजारी पडेन." तिला तिच्या घरात राहायचं होतं, श्वास घेत राहायचं होतं, बाकी काही मागणं नव्हतं. म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांच्या घरी हीट पंप आला, म्हणजे धुराशिवाय, विजेवर घर गरम करणारं यंत्र.

आमच्याकडे हीट पंपाबद्दल बोलायला तो घरी असावा लागत नाही. गावातल्या आइस हॉकीच्या रिंकच्या कँटीनमध्ये रोज सकाळी दहा-अकरा म्हातारे कॉफीचा कप घेऊन बसतात, आणि तिथे या विषयात प्रत्येकजण पारंगत आहे. त्यांचा मुख्य वक्ता नॉर्मां पेल्तिए. आयुष्यभर बर्फ हटवायचा ट्रक चालवला, त्यामुळे थंडी म्हणजे आपल्या घरचं जनावर असं त्याला वाटतं.

"बाहेरच्या थंड हवेतून म्हणे ऊब काढतात," नॉर्मां म्हणाला. "उणे पंचवीस असताना. उद्या दगडातून दूध काढतील."

"फ्लोरिडात चालत असेल," दुसरा म्हणाला.

"फ्लोरिडात ऊब कशाला हवी रे, गाढवा?"

"म्हणूनच तर चालतो तिथे."

ऑरेल या सभेचा सन्माननीय सदस्य. त्याच्याच घरात तो डबा लागतोय म्हटल्यावर बिचाऱ्याची पंचाईत झाली. त्याने जाहीर केलं की बायकोचा हट्ट आहे, आपला काही विश्वास नाही. हे खोटं होतं. जिल्बेर्तने हट्ट केला नव्हता. डॉक्टरीणबाईंकडून परत येताना गाडीत तोच म्हणाला होता, "तू कुठेही जायचं नाहीस." हे मला जिल्बेर्तने सांगितलं. कँटीनमध्ये असं काही सांगण्याची पद्धत नाही.

पंप बसवायला नादीन सीर आली. चाळिशीची, दणकट, शिडीवर माझ्या भाच्यांपेक्षा चपळ. आतला लांबट डबा भिंतीवर, बाहेरचा मोठा डबा घरामागे लोखंडी घोडीवर, जमिनीपासून चांगला कमरेइतका उंच. तिने समजावलं, "तुमचा फ्रीज आतली उष्णता काढून मागून बाहेर टाकतो ना? हा तेच काम उलट करतो. बाहेर कितीही गार असलं तरी हवेत थोडी ऊब असते. ती गोळा करायला याला खूप हवा ओढावी लागते. उणे पंचवीसला जरा दमतो, पण घर सांभाळतो. फक्त एक लक्षात ठेवा, याच्या चारी बाजूंना..."

त्या क्षणी ऑरेल तिला भिंतीला भोक कसं पाडायला हवं होतं ते सांगायला लागला. चेनसॉ चालवून त्याचे कान निम्मे गेलेत, आणि उरलेल्या निम्म्यांचा उपयोग तो क्वचितच करतो. चारी बाजूंना काय, ते राहूनच गेलं. कागद दिला होता तिने. तो कागद ऑरेलने शेगडीजवळच्या टोपलीत, जाळायच्या कागदांत नीट ठेवला.

ऑक्टोबरात आम्ही घरं पांघरतो. म्हणजे जमिनीलगत, पायाच्या भोवताली गवताचे भारे लावायचे, त्यावर फर झाडाच्या फांद्या रचायच्या, वरून बर्फ पडला की झालं पांघरूण. खालून वारा शिरत नाही. माझ्या आजोबांनी केलं, वडिलांनी केलं, मीही अजून करते. न पांघरलेलं घर दिसलं की आम्ही गाडी हळू करून बघतो आणि म्हणतो, या बाईचा नवरा गेला की काय.

ऑरेलने घर पांघरलं. मग कमरेवर हात ठेवून बाहेरच्या डब्याकडे बघत उभा राहिला. मी कुंपणापाशी होते.

"हा असाच उघडा राहणार?" तो म्हणाला.

"बाहेरचाच आहे तो," मी म्हटलं.

"म्हणून काय झालं? गाईला गोठा असतो. कोंबड्यांना खुराडं असतं. हा सगळ्या घराला ऊब देणार आणि स्वतः कुडकुडत बसणार?"

आणि मला, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या शहाण्या बाईला, ते पटलं. हे कबूल करायला मला अजिबात आवडत नाही. पण मीच त्याला दोरी आणून दिली. मागे आणि दोन्ही बाजूंना भारे, त्यावर फांद्या, वर फळ्यांचं छप्पर. समोरची बाजू तेवढी उघडी. डबा खुराड्यातल्या कोंबडीसारखा बाहेर बघत होता, आणि आम्ही दोघं खूश.

नोव्हेंबर बरा गेला. घरात एकवीस अंश, धूर नाही, राख नाही. जिल्बेर्त जिना न थांबता चढली आणि वर पोचल्यावर तिथूनच ओरडली, "कोलेत, मी आले गं वर!" ऑरेल खाली भिंतीवरच्या डब्याखाली तळहात धरून उभा. "कोमट आहे," म्हणाला. "हात भाजत नाही ती कसली ऊब?" पण गुपचूप खुर्ची त्याच डब्याखाली सरकवलेली मी पाहिली. कँटीनमध्ये मात्र त्याने पंप बरा चाललाय हे एका शब्दाने सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "अजून खरी थंडी कुठे पडलीय?"

मग एका सकाळी बाहेरच्या डब्यातून पांढरी वाफ उसळली. ऑरेल आग विझवायचं नळकांडं घेऊन चपलांतच बर्फात धावला. जिल्बेर्तने नादीनला फोन लावला. नादीन हसून म्हणाली, "काही झालं नाही, काकू. बाहेरच्या नळ्यांवर हिम धरतं, ते तो स्वतःच मधूनमधून वितळवतो. पाच मिनिटं बंद पडल्यासारखा वाटेल, मग लागेल कामाला." जिल्बेर्तने ते नवऱ्याला सांगितलं. त्याच्या कानांतून आत जाईपर्यंत त्याचं असं झालं की पंपाला घाम येतो.

आता घामेजलेल्या माणसाला आपण वाऱ्यात उभं करतो का? नाही करत. जानेवारीत उणे एकतीस झालं, वारा सुटला, वाफ जास्तच यायला लागली. ऑरेलच्या मनाला ते बघवेना. शनिवारी दुपारी त्याने समोरची बाजूही बंद केली. आधी जुनी रजई, तिच्यावर फांद्या, वर ताडपत्री. त्या रजईवर आमच्या आईचे टाके होते. ती मी दिली होती. त्याने ताडपत्रीवर दोन थापा मारल्या, लेकराला झोपवताना मारतात तशा.

रविवारी सकाळी घरात अकरा अंश होते. आतला डबा गार हवा फुंकत होता. जिल्बेर्त दोन स्वेटर आणि कोट घालून टेबलाशी बसली होती. ऑरेलने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला जे येत होतं ते त्याने केलं. शेगडी पेटवली. पंचावन्न वर्षांचा हात त्याचा, पण धुराडं आठ महिने थंड होतं, वर बर्फाचा गोळा बसलेला. सगळा धूर स्वयंपाकघरात उलटला. मी प्रार्थनेला जायचं म्हणून तिला न्यायला आले, तर जिल्बेर्त जमिनीवर बसलेली, ओठ निळे, आणि ऑरेल तिच्या तोंडासमोर वर्तमानपत्राने वारा घालतोय. त्याला बोलता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

रुग्णवाहिकेने नेलं. आठवडाभर इस्पितळात राहिली. तिथून मिरेय तिला मंक्टनला घेऊन गेली. वाटेत घरी कपडे घ्यायला जिल्बेर्त आली तेव्हा तिने स्वयंपाकघरावरून एक नजर फिरवली आणि भांडी जागेवर लावून ठेवली. मिरेय बापाशी फक्त एवढंच बोलली, "बाबा, आईला आता तिकडेच राहू दे."

कँटीनमध्ये काय झालं असेल ते सांगायला नको. नॉर्मांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, जसं काही पंप त्यानेच मारला.

"किती अंशाला गेला?" त्याने विचारलं.

"उणे एकतीस," ऑरेल म्हणाला.

"मी काय म्हणत होतो? मी पंचवीस म्हणत होतो. सहा जास्तच टिकला."

ऑरेलने मान डोलावली. त्याच्या त्या एका डोलावण्यावर चर्चच्या सभागृहात लागायचा पंप रद्द झाला, तिघांनी आपल्या सुनांना घरी जाऊन सुनावलं, आणि शेजारच्या गावात बातमी पोचेपर्यंत पंपाचा स्फोट झाला होता. साक्षीदार म्हणून माणसाला इतका मान मिळालेला मी सेंत-ओदीलमध्ये पाहिला नाही. रोज त्याची कॉफी दुसराच कोणी आणून देई. आणि तो घरी जाऊन ओव्हरकोट घालून एकटा जेवे.

जिल्बेर्त मंक्टनला गेली त्याच आठवड्यात नादीन आली. तिने ताडपत्री काढली, फांद्या काढल्या, रजई ओढली तर ती फळीसारखी ताठ निघाली. आत डबा बर्फाच्या लादीत.

"काका," ती म्हणाली, "मी तुमच्या तोंडावर उशी दाबली आणि म्हटलं, आता जोरात पळा, तर पळाल?"

"त्याला थंडी लागत होती," ऑरेल म्हणाला.

"त्याला थंडी लागत नाही. त्याला हवा लागते. चारी बाजूंना मोकळी हवा."

बर्फ वितळवायला तिला दुपार लागली. सगळं साफ करून तिने चालू केला, तेव्हा बाहेर उणे सव्वीस होतं. संध्याकाळपर्यंत घर वीस अंशांवर आलं. मी थर्मामीटर तीनदा बघितला. ऑरेलने एकदाही नाही.

त्याने मंक्टनला फोन लावला. कानांमुळे तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"दुरुस्त झाला," तो म्हणाला. "ये आता."

"काय बिघडलं होतं?" जिल्बेर्तने विचारलं.

तो माझ्याकडे बघून घुटमळला. "एक पार्ट गेला होता."

"कोणता?"

"असतो एक."

"तो पुन्हा नाही कशावरून जाणार?"

ऑरेलने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. जिल्बेर्त थकल्या आवाजात म्हणाली, "ऑरेल, मला त्या जमिनीवर पुन्हा बसायचं नाही. काय झालं होतं हेच माहीत नसेल, तर मी येऊ कशाच्या भरवशावर?" आणि तिने फोन ठेवला.

मी त्याला सोडलं नाही. "अरे मूर्खा, तू गुंडाळलास असं सांगितलंस तर ती उद्या येईल! गुंडाळायचा नाही, एवढंच तर आहे. पार्ट म्हणालास म्हणून ती घाबरलीय!"

"सांगेन," तो म्हणाला.

"कधी?"

"सांगेन म्हटलं ना."

त्याला भीती कशाची होती ते मला कळत होतं, आणि म्हणून तर राग येत होता. चव्वेचाळीस वर्षं घरातली ऊब म्हणजे ऑरेल, अशी त्याची समजूत. तो नुसता पंपावर हरला नव्हता. त्याने मायेने केलेलं कामच उलटलं होतं. असं असताना माणूस कोणत्या तोंडाने बोलणार? पण माझ्या बहिणीला मुलीच्या कोचावर बसवून त्याने हे तोंड जपावं, हे मला मान्य नव्हतं. मीच तिला सांगून टाकलं असतं, पण ते माझ्याकडून कळलं असतं तर तिने त्याच्यावर पुन्हा भरवसा ठेवला नसता.

दोन आठवडे असेच गेले. मग त्याने आपल्या अकलेने एक पळवाट काढली. नॉर्मांची बायको रोज जिल्बेर्तशी फोनवर बोलते. तेव्हा कँटीनमध्ये सांगायचं की पंप उत्तम चालतोय, बातमी आपोआप मंक्टनला जाईल, आणि कबुली द्यायलाच नको. त्याने सांगितलं. कपातून डोकं वर करून अकरा जणांनी त्याच्याकडे पाहिलं.

"काय दिलं त्यांनी तुला?" नॉर्मांने विचारलं.

"कोणी?"

"पंपवाल्यांनी."

"काही नाही दिलं. चालतोय. वीस अंश आहे घरात."

"आज? उणे सत्तावीसला?" नॉर्मां हसला. "बायको गेल्यापासून बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय."

पंप मेला म्हटल्यावर ज्यांनी एक प्रश्न विचारला नाही, त्यांनी पंप जगला म्हटल्यावर पुरावा मागितला. सगळी वरात ऑरेलच्या घरी आली. आमच्याकडे बूट दारात काढावे लागतात, म्हणून अकरा म्हातारे मोजे घालून स्वयंपाकघरात उभे. कोणाचा अंगठा बाहेर, कोणाची टाच. मी क्रेतों, म्हणजे डुकराच्या मांसाची मसालेदार चटणी, आणि बकव्हीटची धिरडी, आमची प्लॉय, टेबलावर ठेवली. खायला कोणाचा नकार नव्हता.

नॉर्मांने थर्मामीटर बघितला. "हा बिघडलाय." त्यांच्यातल्या लिओनेलने खिशातून स्वतःचा काढला, तोही वीस म्हणाला. "शेगडी पेटवली असेल लपून." शेगडी उघडली, आत हात घातला, गार. "मग तळघरात काहीतरी आहे." दोघं तळघरात जाऊन आले. "उन्हामुळे असेल," वर आल्यावर एकजण म्हणाला. बाहेर ढग होते. तोवर गरम होतंय म्हणून सगळ्यांनी स्वेटर काढून खुर्च्यांवर टाकले होते.

"ठीक आहे," नॉर्मां दुसरी प्लॉय गुंडाळत म्हणाला. "आज चालतोय. मग त्या दिवशी का मेला?"

"पार्ट गेला होता," ऑरेल म्हणाला.

"हां! बघा. आज एक गेला, उद्या दुसरा जाईल."

तेवढ्यात फोन वाजला. जिल्बेर्तचा होता. ऑरेलने सवयीने बटण दाबलं आणि तिचा आवाज सगळ्या खोलीत भरला.

"ऑरेल, मिरेय म्हणतेय माझी पत्रं, औषधं, सगळं इकडच्या पत्त्यावर करून घेऊ. फॉर्म आलाय. सही करायची आहे. म्हटलं तुला विचारावं."

ऑरेलने अकरा जणांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या डब्याकडे. मी त्याच्याकडे अशी बघत होते की त्याला माझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"सही करू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"पार्ट वगैरे काही गेला नव्हता. मी त्याला गुंडाळला होता. भारे लावून, रजई घालून, घराला घालतो तसं. त्याला श्वास घेता आला नाही." "आणि धूरही मीच केला. तुला जमिनीवर मी बसवलं, जिल्बेर्त. पंपाने नाही."

थर्मामीटरवर ज्यांनी विश्वास ठेवला नाही, गार शेगडीवर ठेवला नाही, त्या अकरा जणांपैकी एकानेही या वाक्यावर शंका काढली नाही. नॉर्मांने हातातली प्लॉय ताटलीत परत ठेवली. मग लिओनेल स्वेटर घालत उठला आणि दारापाशी जाऊन बूट चढवायला लागला. त्याच्या मागे आणखी दोघं उठले.

"कुठे निघालात रे?" नॉर्मांने विचारलं.

"घरी जरा काम आहे," लिओनेल खाली बघत म्हणाला. त्याच्या स्वेटरच्या बाहीला फरच्या काड्या चिकटल्या होत्या. आणि नॉर्मां? त्यानेही टोपी शोधायला सुरुवात केली. त्याच्या घरामागेही पांघरलेला डबा असल्याचं मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, आणि मला सेंत-ओदीलमधलं सगळं माहीत असतं.

ऑरेल दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभा होता.

"आता मोकळा आहे तो?" जिल्बेर्तने विचारलं.

"चारी बाजूंनी."

"बरं. मग शनिवारी मला घरी सोड म्हणते मिरेयला," ती म्हणाली. "आणि मी येईपर्यंत भांड्यांना हात लावू नकोस. मी घासेन."